डिस्कस वयात येतात तेव्हा: टँकमधली मारामारी ओळखायची कशी, आवरायची कशी

डिस्कस या ताटलीसारख्या चपट्या माशाची अडीच इंचांची सहा पिल्लं आणली तेव्हा ती एका दोऱ्यात ओवल्यासारखी फिरायची. एक डावीकडे वळलं की सगळी डावीकडे. दाणे टाकले की सहाही तोंडं एकाच जागी. सात महिन्यांनी त्याच चार फुटी टँकमध्ये एक जण हिटरच्या मागे काळा पडून तिरका उभा होता, दुसऱ्याचा पाठीवरचा पर चिरला होता, आणि आणताना जो सगळ्यांत भित्रा होता तो लेपर्ड (डिस्कसचाच एक ठिपकेदार वाण) मधोमध पर ताठ करून गस्त घालत होता. मला वाटलं काहीतरी रोग शिरला. बायको चाळीत वाढलेली. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "रोग कसला? नळावर नंबर लावताना अशीच भांडणं व्हायची आमच्याकडे." निदान तिचंच बरोबर निघालं.

मी मात्र घाबरून जे केलं ते चुकलं. मार खाणारा मासा काढून लहान टँकमध्ये ठेवला. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी हिटरच्या मागे दुसराच मासा, तसाच काळा, तसाच तिरका. उतरंडीतली सगळ्यांत खालची जागा मासे रिकामी राहू देत नाहीत, एवढं त्या आठवड्यात कळलं.

तेव्हापासून मी मारणाऱ्याकडे कमी आणि मार खाणाऱ्याकडे जास्त बघतो. तो खातोय का, त्याचा रंग परत येतोय का, यावरून मध्ये पडायचं की हाताची घडी घालून बसायचं ते ठरतं. खाली जे सांगतोय ते सगळं त्याच हिशोबाने.

एकाच माशात दोन स्वभाव

डिस्कस दिसायला सोज्वळ, पण कूळ सिक्लिडचं, म्हणजे जागेसाठी भांडणाऱ्या माशांचं. एंजलफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न ही सगळी त्याची भावकी, आणि भावकीचे गुण कुठे जातात? अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पाणी चढलं की रानात शिरतं. मनौस शहरापाशी रिओ नेग्रोची पातळी वर्षभरात दहा मीटरच्या आसपास वरखाली होते. पाणी उतरलं की डिस्कस काठालगतच्या तळ्यांत, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांच्या गुंत्यात थव्याने राहतात. एकट्या माशाचं तिथे काही खरं नसतं. पण विणीची वेळ आली की जोडी थव्यातून बाजूला होते, एखादी जागा धरते आणि अंड्यांजवळ कुणाला फिरकू देत नाही. थव्याशिवाय जीव घाबरतो आणि थव्यात असताना स्वतःची जागाही हवी असते. नदीत बाजूला व्हायला जागा आहे. आपल्याकडे बाजूला म्हणजे किती? फिल्टरच्या अलीकडून पलीकडे.

दुकानात मासे इंचांत विकतात, म्हणून इंचांतच सांगतो. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत. तीन इंचांपर्यंतची ढकलाढकली पोरकट असते, खाण्यापुरती. साडेतीन-चार इंचांना, साधारण पाच-सात महिन्यांत, उतरंड ठरायला लागते आणि पहिल्यांदा कुणीतरी कोपऱ्यात दिसतं. साडेचार-पाच इंचांना, नऊ महिने ते वर्षभराच्या आसपास, जोड्या जुळतात आणि भांडणाचं कारण बदलतं: आधी नंबरासाठी भांडत होते, आता जागेसाठी. वाढ खाण्यापाण्यावर असल्यामुळे महिने मागेपुढे होतात. खुरटलेला मासा तर चार इंचांतच वयात येतो.

पायरी १ : तीन दिवस फक्त बघा

वही घ्या, पानावर टँकचा आयत काढा, प्रत्येक माशाला नाव द्या. दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं: सकाळी खाणं घालण्याआधी, खाणं चालू असताना आणि रात्री दिवा बंद करण्याच्या तासभर आधी. काचेला नाक लावून बसू नका. पाच-सहा फुटांवर खुर्ची टाका आणि पहिली पाच मिनिटं सोडून द्या, कारण तेवढा वेळ ते तुमच्याकडेच बघत असतात, खाऊच्या आशेने. मग कोण कुणावर धावलं त्याचा बाण काढायचा, आणि तो टँकच्या कुठल्या भागात घडला तेही.

माझ्या वहीत तिसऱ्या दिवशी जे दिसलं त्याने मी चाट पडलो. लेपर्डचे बाण सगळ्यांकडे होते, पण विखुरलेले. प्रत्येकाला दिवसाकाठी एखाद-दुसरा दम. खरा छळवादी होता निळा टर्क्वॉइज (हाही डिस्कसचाच एक वाण), उतरंडीत दोन नंबरचा. त्याचे जवळजवळ सगळे बाण एकाच माशाकडे जात होते, आणि तेही उजव्या कोपऱ्यात, हिटरपाशी. वरच्याने दम दिला की तो येऊन खालच्यावर काढायचा. ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वही नसती तर मी बिचाऱ्या लेपर्डला काढलं असतं.

पायरी २ : अंगाची भाषा ओळखा

इथे घाई करू नका, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावर आहे.

दोन मासे शेजारी शेजारी, तोंडं एकाच दिशेला किंवा उलट, सगळे पर ताठ, आणि अंगाने एकमेकांना रेटतायत: ही बरोबरीच्यांची मोजणी आहे. कधी तोंडात तोंड अडकवून काही सेकंद ओढाताणही होते. बघायला भयंकर, पण बहुतेक वेळा मिनिटभरात निकाल लागतो आणि हरलेला वळून जातो. मध्ये पडू नका. जाळी घालून सोडवलंत तर निकाल अर्धवट राहतो आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू. ओठ पांढरे पडेपर्यंत, दिवसभर, पुन्हा पुन्हा चाललं तरच वेगळं करा.

एकाने छोटी झेप घेतली, दुसरा सरकला आणि अर्ध्या मिनिटात परत खायला आला. हे रोजचंच. याचे बाण वहीत काढा आणि विसरून जा.

हार मानलेला मासा कसा दिसतो ते नीट पाहून ठेवा. तो पर मिटतो, रंग गडद करतो, आणि अंग थोडं कलतं करून बाजू समोर करतो, जणू म्हणतो, बाबा रे, तू मोठा. आता नजर मारणाऱ्यावर न्या. तो हे पाहून वळला तर टँकमधली व्यवस्था ठणठणीत आहे. पाहूनही टोचत राहिला, कोपऱ्यापर्यंत पाठलाग केला, डोळ्याजवळ किंवा त्याच कुशीत पुन्हा पुन्हा चोच मारल्यासारखा धडकत राहिला, तर आपलं काम सुरू होतं.

आणि एक प्रकार असा की ज्याला नवशिके हमखास भांडण समजतात. दोन मासे समोरासमोर येतात, एक डोकं खाली घालून अंग वर उचलत जातो, दुसरा तसंच करतो. अगदी मुजरा केल्यासारखं. मग दोघंही अंगभर थरथरतात, आणि त्यांतलं एक फिल्टरचा पाईप नाहीतर काचेचा एखादा तुकडा तोंडाने घासायला लागतं. हे लग्न जुळतंय. शेपटीकडचा अर्धा भाग धुरकट, काळपट झाला असेल तर एक-दोन दिवसांत अंडी पडायची शक्यता धरा, आणि बाकीच्यांवर त्या कोपऱ्यातून हल्ले होणार हेही धरून चाला.

रंगाबद्दल एक सावधगिरी. जंगली आणि टर्क्वॉइजसारख्या माशांच्या अंगावर साधारण नऊ उभे पट्टे असतात आणि मूड बदलला की ते उमटतात, पुसट होतात. पट्टे गडद, डोळ्यावरून जाणारा पट्टा ठळक, म्हणजे मासा अस्वस्थ. पण थायलंडमधून आलेल्या पिजन ब्लडच्या वाणात हे पट्टे दिसतच नाहीत. फार तर अंगावर काळे ठिपके मिरपूड पसरल्यासारखे वाढतात. त्यांच्या बाबतीत पर आणि उभं राहण्याची ढब एवढंच वाचायला मिळतं.

पायरी ३ : भांडण की पाणी, आधी ठरवा

एकच मासा काळा असेल तर छळ किंवा आजार. सगळेच काळे पडून एका कोपऱ्यात गोळा झाले तर भांडण डोक्यातून काढून टाका आणि पाणी तपासा.

हे मी ठेच लागून शिकलो. एका रविवारी सोसायटीची वरची टाकी धुतली, भरपूर ब्लिचिंग पावडर टाकली, आणि मी नेहमीप्रमाणे पाणी बदललं. क्लोरीन काढायचं औषध टाकलं, पण नेहमीच्या मापाने. संध्याकाळी सहाही काळे, श्वास भराभर, टर्क्वॉइज आणि त्याचा बकरा खांद्याला खांदा लावून उभे. तरी मी तासभर 'आज कुणी कुणाला मारलं' हेच शोधत बसलो होतो. तेव्हापासून एका झाकणाच्या ड्रममध्ये हवेचा पंप लावून पाणी चोवीस तास आधी भरून ठेवतो आणि टाकी धुण्याची नोटीस लागली की दोन दिवस पाणी बदलतच नाही. ज्यांच्याकडे पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं सहज न उडणारं संयुग) येतं त्यांनी मात्र नुसत्या हवेवर विसंबू नये, औषध लागतंच.

घाणीतून पाण्यात तयार होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषं शून्य, तापमान २८ ते ३० अंश, पीएच एका जागी स्थिर. वाढत्या डिस्कसना आठवड्यातून दोन-तीनदा तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदललेलं मानवतं. आपल्याकडे धरणाचं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, सांभाळायला पुरेसं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, बघून घ्यावा.

एकटा काळा पडलेला मासा छळाने की आजाराने, हे ठरवायची माझी पद्धत साधी आहे. त्याला त्याच तापमानाच्या, त्याच पाण्याच्या वेगळ्या टँकमध्ये दोन-तीन दिवस ठेवायचं. रंग उघडला आणि खायला लागला तर बाकीच्यांचा जाच होता. तिथेही तोंड फिरवतोय, कपाळ बसत चाललंय, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी येतेय, तर पोटात परजीवी असण्याची शंका घ्या आणि माशांवर उपचार करणाऱ्या जाणकाराला विचारून औषध करा. कुठल्यातरी ग्रुपवर वाचून अंदाजाने बाटली ओतू नका. अशक्त मासा मार खातो आणि मार खाणारा अशक्त होतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदमच सापडणं नवलाचं नाही.

पायरी ४ : खाण्याची वेळ फोडा

सर्वांत स्वस्त उपाय हाच, आणि लोक हाच शेवटी करतात.

एका जागी खाणं पडलं की वरचा मासा त्या जागेचा मालक होतो. म्हणून दोन्ही टोकांना टाका, शक्यतो एकाच वेळी. घरातलं कुणी हाताशी असेल तर उत्तम. त्यापेक्षा महत्त्वाची युक्ती म्हणजे दोन पंगती. पहिली पंगत उठवायची, पाच-सात मिनिटं थांबायचं. तोवर लेपर्डचं पोट भरलेलं असतं आणि त्याची दादागिरी सुस्तावते. मग दुसरी पंगत, कमजोर मासा उभा असेल त्या बाजूला. बोकडाचं दिल आणि कोळंबी वाटून केलेली वडी तळाशी बसते, ती या दुसऱ्या पंगतीला चांगली, कारण खालच्या माणसाला घाई न करता टिपता येते. दिवसातून तीनदा थोडं थोडं. उरलेलं अर्ध्या तासात नळीने ओढून काढायचं.

चार दिवस असं केल्यावर माझ्याकडे हिटरमागचा मासा दुसऱ्या पंगतीला बाहेर यायला लागला. टर्क्वॉइजचे बाण कमी झाले नव्हते. पण मार खाऊनही जो जेवतो तो टिकतो, तेव्हा मी आणखी थोडा थांबलो.

पायरी ५ : टँकमधलं सामान बदला

हिटरचा कोपरा हे माझ्या टँकमधलं एकुलतं एक लपायचं ठिकाण होतं, आणि म्हणूनच सापळाही. एकच छान जागा ठेवली की तिच्यासाठी मारामारी होते. एकतर अशी जागाच नको, नाहीतर निदान दोन-तीन हव्यात. मी दोन उभी लाकडं टँकच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवली, एक पुढे, एक मागे, अशी की डाव्या टोकाचा मासा उजव्या टोकाच्या माशाला सरळ बघू शकणार नाही. डिस्कसला गुहा नको असते. त्याचं अंग ताटलीसारखं, त्याला उभ्या फांदीमागे सरकता आलं की पुरे. हिटर आडवा करून मागच्या काचेला तळाजवळ लावला. कोपऱ्याची सत्ता संपली.

रिकाम्या तळाचा, काहीच सामान नसलेला टँक ठेवणारेही पुष्कळ आहेत आणि स्वच्छतेला तो सोपा, हे खरं. माझं मत विचाराल तर पिल्लं वाढवायला तसा टँक बरा, पण वयात आलेल्या माशांना नजर चुकवायला काहीतरी लागतं. नजरेआड झालं की अर्धं भांडण मिटतं.

आणि हे तपासायला विसरू नका: रात्री खोलीत अंधार आणि टँकचा दिवा चालू, असं असलं की बाजूच्या काचेचा आरसा होतो. एखादा मासा तासन्‌तास एकाच काचेशी झुंजताना दिसला तर तो स्वतःशीच भांडतोय. बाहेरून कागद चिकटवा.

पायरी ६ : आकडा जुळवा

एक डिस्कस एकटा ठेवू नये. दोन ठेवले आणि ती जोडी नसेल तर एक दुसऱ्याला बडवतो. तीन म्हणजे दोघं विरुद्ध एक. चार-पाचांत मार वाटला जात नाही, एकाच्याच वाट्याला येतो. सहापासून पुढे तो विखुरतो. आठ-दहा असतील तर आणखी बरं. पण जागा हवी. एका मोठ्या डिस्कसला साधारण ४० ते ५० लिटर पाणी धरा. चार बाय दीड बाय दोन फुटांच्या टँकमध्ये काठोकाठ सुमारे ३४० लिटर मावतं, सामान आणि वरची मोकळी जागा सोडून तीनशे. म्हणजे सहा, आणि पाणी बदलण्याचा आळस नसेल तर फार तर आठ.

मी दोन वाढवले. नवे मासे घेताना असलेल्यांच्या मापाचे किंवा किंचित मोठे घ्यायचे. लहान घेतलात तर खालच्या पायरीसाठी बळी आणलात. एकटा कधीच आणायचा नाही. आणि चार ते सहा आठवडे वेगळा टँक, वेगळी जाळी, वेगळी बादली, वेगळी नळी. हे ऐकून लोक कंटाळतात. पण वेगवेगळ्या ठिकाणचे डिस्कस एकत्र आले की दोन्ही बाजू दिसायला धडधाकट असूनही आठवड्यात सगळा टँक काळा पडून आजारी होतो, असे अनुभव या छंदात जागोजागी ऐकायला मिळतात. शेवटच्या दोन आठवड्यांत मी माझ्यातला एक मासा त्या नव्यांबरोबर ठेवतो. काही व्हायचं तर तिथेच होऊ दे.

सोडायचं संध्याकाळी, जुन्यांचं पोट भरल्यावर, लाकडं हलवून आणि दिवा बंद करून. सकाळी उठेपर्यंत सगळ्यांनाच घर नवं वाटतं.

एंजलफिश घालून संख्या वाढवू नका. खाण्यावर तुटून पडतात आणि सोबत परजीवी आणू शकतात. कार्डिनल टेट्रा किंवा रमीनोजचा थवा मात्र खरंच उपयोगी: लहान मासे निवांत फिरताना दिसले की डिस्कसना धोका नाही असं वाटतं आणि त्यांचंही लक्ष एकमेकांवरून थोडं उडतं.

पायरी ७ : काढायचाच तर छळणारा काढा

एवढं करूनही वहीतले बाण एकाच माशाकडे जात असतील, आणि तो तीन दिवस दुसऱ्या पंगतीलाही आला नसेल, तर आता हात घालायचा. दोन नंबरवाल्याला पाच ते सात दिवस वनवास. छळलेला मासा अगदीच खंगला असेल तर त्यालाही वेगळ्या जागी विश्रांती द्या, पण नुसतं त्याला काढून प्रश्न सुटत नाही, हे वर सांगितलंच.

पकडताना जाळीपेक्षा प्लॅस्टिकचा मोठा डबा बरा. परांचे काटे जाळीत अडकतात, खवले निघतात, आणि बाकीचे दोन दिवस घाबरून राहतात. दिवा मंद करा, डबा पाण्यात आडवा धरा, दुसऱ्या हाताने हळूच वळवा.

तो नसताना दोन गोष्टी होतात. खालचा मासा चार दिवस पोटभर खातो. आणि उतरंड त्याच्याशिवाय पुन्हा लागते. परत येतो तेव्हा तो नवखा असतो, जागा त्याला पुन्हा मिळवावी लागते. माझा टर्क्वॉइज सहाव्या दिवशी परतला आणि लेपर्डने त्याला तासभर असा फिरवला की पुढचा महिना तो नीट वागला. महिन्यानंतर पुन्हा एकदा पाठवावा लागला. दुसऱ्या खेपेनंतर नाही.

दुसरा टँक नसेल तर टँकमध्येच प्लॅस्टिकच्या जाळीचा पडदा लावा, पाणी आरपार जाईल असा. पण पडद्यातून ते एकमेकांना बघत राहतात, उतरंड विसरत नाहीत. म्हणून हा उपाय दुय्यम.

पायरी ८ : जोडी जमली तर

वर सांगितलेलं सगळं जोडीला लागू पडत नाही. मुजरे करणाऱ्या त्या दोघांनी टँकचा तिसरा हिस्सा बळकावला की बाकीचे उरलेल्या जागेत दाटीने उभे राहतात. वनवासाने काही होत नाही. परत आले की पुन्हा तेच.

पिल्लं काढायची असतील तर जोडीला स्वतंत्र दीड फुटी चौकोनी टँक द्या. त्यात सुमारे ९५ लिटर पाणी, एक स्पंज फिल्टर, मातीचा कोन किंवा उपडी कुंडी, तळ रिकामा. अंडी फुटायला पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी लागतं. साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात, आणखी तीनेक दिवसांत पिल्लं सुटी पोहायला लागतात आणि आईबापांच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरचा स्राव खातात. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की विणीच्या काळात या स्रावात प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात. पिल्लं कुणाकडे असावीत यावरूनही नवरा-बायकोत जुंपते. एक अंगाला झटका देऊन पिल्लं दुसऱ्याकडे सोपवतो, हे बरोबर. पण दोघांनाही सगळीच हवी असतील तर मध्ये जाळी लावावी लागते. पहिल्या काही खेपांना अंडी खाल्ली जातात. चिडू नका, शिकतायत.

आणि पहिली जमलेली जोडी नर-मादीच असेल असं धरू नका. बाहेरून नर-मादी ओळखता येते असं सांगणारे दुकानदार भेटतील. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली दिसणारी नळी बघितल्याशिवाय खात्री नसते. मादीची जाड, बोथट. नराची बारीक, टोकदार. माझ्याकडे लेपर्डने ज्याच्याशी घरोबा केला, त्या रेड मेलन वाणाच्या डिस्कसने अंडी घातली आणि दहा दिवसांनी लेपर्डनेही घातली. दोन्ही खेपेला सगळी पांढरी पडली, म्हणजे फळलीच नाहीत. टँकचा दादा दीड वर्ष बाई होता.

पिल्लं नको असतील तर अंडी लगेच खरवडू नका. राखण्यात गुंतलेली जोडी दोन-तीन दिवस एका जागी तरी असते. खरवडलीत की ती नवी जागा शोधायला निघते आणि सगळ्यांना पुन्हा हलवते. अंडी आपोआप खाल्ली जातात. त्यानंतर आठवडा-दहा दिवसांत पुन्हा तेच चक्र. मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवतो, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी 'अं' असं. दोन महिन्यांनी बघितलं तर मारामारीचे दिवस आणि 'अं'चे दिवस जवळजवळ एकच होते. आता तारीख जवळ आली की त्या आठवड्यात मोठं, गार पाणी बदलणं टाळतो, कारण त्याने अंडी घालायला चेव येतो.

काही मासे कुठेच जमत नाहीत

दोनदा वनवास झाला, सामान हललं, संख्या वाढली, जोडीचाही प्रश्न नाही, तरी एक मासा रोज दुसऱ्याचं रक्त काढतोय, असं क्वचित घडतं. माझ्याकडे नंतर आणलेल्या दोघांपैकी एक तसा निघाला. त्याला मी बारा-पंधरा मोठे डिस्कस असलेल्या एका मित्राच्या सहा फुटी टँकमध्ये दिलं. तिथे तो पाचवा-सहावा आहे, आणि गप्प आहे. देताना खोड लपवू नये. समोरचा आधी वेगळा ठेवेल, सावध राहील.

नेताना आदल्या दिवशी खाणं बंद करा, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशव्या एकात एक दोन घ्या, मोठ्या डिस्कसच्या पाठीचे काटे एक पिशवी सहज भोकसतात. वरून वर्तमानपत्र गुंडाळा. अंधारात तो हलत नाही.